चारच्या गाडीने परत

दहावीच्या वर्गात मी फळ्यावर समासाची उदाहरणं लिहीत होतो, तेव्हा आरती दारात येऊन उभी राहिली. माझी मुलगी माझ्या शाळेत कधी येत नसे. कामरगावात राहूनही ती अकरावीला कारंज्याला जाते. त्याआधीही, वडील शिकवतात ती शाळा तिने टाळलीच होती. अंगावर ओढणी नव्हती, मनगटापर्यंत कणीक वाळलेली होती. "आई केंद्रात पडली," ती म्हणाली. "तिथल्या आशाताईचा फोन होता. गाडी अमरावतीले निंगाली. चला." एवढंच. मी हातातला खडू तसाच घेऊन निघालो.

माझी पत्नी शालिनी धनजच्या उपकेंद्रात नर्स होती. त्या दिवशी लसीकरण होतं. तीन बाळांना सुया टोचून झाल्या, चौथ्याचं कार्ड हातात घेतलं आणि खुर्चीतून ती खाली आली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल बोलत राहिले आणि मी मान हलवत राहिलो. आरतीने एकच विचारलं, "तिले समजत होतं का?" डॉक्टर म्हणाले, त्यांना शुद्ध नव्हती. आरतीने पुन्हा विचारलं, "नक्की?" तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नक्की."

त्याला आता सात आठवडे झाले. लोक भेटायला येतात, शालिनीच्या हाताला गुण होता म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मला तिच्याबद्दल लिहायचं तर एक अशी हकीकत सांगावी लागते, जिच्यात मी स्वतः चांगला दिसत नाही. ती गाळली तर शालिनी कोण होती हे कळणारच नाही, म्हणून लिहितो.

आम्हाला मूल नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर दत्तक घ्यायचं ठरलं. मला तान्हं बाळ हवं होतं. म्हणजे त्याला काही आठवणार नाही आणि आपल्यालाही पुढे काही आठवायची गरज पडणार नाही, असं काहीसं माझ्या मनात असावं. तान्ह्या बाळांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागत होतं. शालिनीने एक दिवस जेवताना सांगितलं, "सात वर्षांची एक पोरगी हाय. आपण तिले आणू." मी हो म्हणालो. मनापासून नव्हे, पण हो म्हणालो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेतून आरती आमच्या घरी आली ती एक कापडी पिशवी घेऊन. दोन फ्रॉक, कंगवा आणि अंकलिपी. संस्थेच्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं की, आधी एका घरी गेली होती, तिथे जमलं नाही. कोर्टाचा कागद व्हायला काही महिने होते. तोवर ती आमच्याकडे राहणार होती, आमची अजून झालेली नव्हती.

ती आमच्यासमोर जेवत नसे. पोळ्या उशीखाली सापडायच्या, कधी कपाटामागे, बुरशी आलेल्या. शालिनीला ती 'तुमी' म्हणायची आणि मला काहीच म्हणत नसे. मी खोलीत आलो की भिंतीला लागून उभी राहायची. दिवसभर चाळीस मुलांना गप्प बसवणारा मी, घरी या एका मुलीच्या गप्प बसण्याने हैराण झालो होतो. पिशवी तिने कधी रिकामी केली नाही. शालिनीने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तिच्यासमोर नवे कपडे लावले. सकाळी ते कपडेही पिशवीत.

दोनेक महिन्यांनी मीच म्हणालो, कुठेतरी फिरायला जाऊ, पोरगी मोकळी होईल. शिरपूर जैनचं जुनं मंदिर बघायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं ठरलं. 'फिरायला' हा शब्द ऐकल्यावर आरतीच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. ती पिशवी घेऊन आली. मी म्हणालो, असू दे बरोबर. कारंज्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर उतरताना तिने बसच्या दांड्याला जी मिठी मारली ती सुटेना. मागे लोक खोळंबले. मी तिला कमरेला धरून उचललं, तेव्हा ती माझ्या हाताला कडकडून चावली आणि किंचाळायला लागली. शालिनी पुढे उतरून पाण्याची बाटली भरायला गेली होती.

तेव्हा आमच्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा होती. एक माणूस किंचाळणाऱ्या पोरीला उचलून चाललाय, हे बघून मिनिटभरात माझ्याभोवती वीस-पंचवीस माणसं जमली. "लेकरू कोनाचं हाय?" कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, माझं आहे. "नाव सांगा तिचं." मी नाव सांगितलं. मग एका दांडग्या माणसाने खाली वाकून तिला विचारलं, "पोरी, हे तुहे बाबा हायेत का?" आरती म्हणाली, "नाई."

माझ्या कॉलरला हात पडला. पाठीत एक बुक्की बसली. कोणाची ते दिसलं नाही. मी शिक्षक आहे, मी कामरगावचा आहे, असं काहीबाही बोलत होतो आणि माझाच आवाज मला खोटा वाटत होता. कोणी म्हणत होतं चौकीत न्या, कोणी म्हणत होतं आधी इथंच पाहू. तेवढ्यात शालिनी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि कोणाशी एक शब्द न बोलता त्या धुळीत आरतीसमोर मांडी घालून बसली. गर्दी जराशी मागे सरली, कारण बसलेल्या बाईला ढकलणार कोण?

"कुठं नेऊन राह्यलो म्हणतं आमी तुले?" तिने विचारलं. आरतीने पिशवी पोटाशी धरली. मग म्हणाली, "थ्या घरचे बी फिराले जाऊ म्हणत होते. मंग जीपमधून संस्थेच्या दारात उतरवलं."

शालिनी म्हणाली, "बरं. तू सांग, आता कुठं जायचं?" आरती म्हणाली, "घरी." "कोनत्या घरी?" "कामरगावले." कॉलरवरचा हात निघाला. त्या दांडग्या माणसाने माझा सदरा सारखा केला आणि मान खाली घालून निघून गेला. शिरपूर राहिलं. आम्ही आलो त्याच गाडीने परत फिरलो.

घरी आल्यावर, आरती मागच्या अंगणात गेलेली पाहून, स्वयंपाकघरात शालिनीला म्हणालो, "कागद अजून व्हायचा आहे. आपल्याच्यानं हे निभणार नाही. तिलाही त्रास, आपल्यालाही." माझ्या हातावर दातांचे व्रण सुजले होते आणि ते तिला दिसतील असा मी हात धरला होता, हेही मला आठवतं.

शालिनी वांगी चिरत होती. तिने विळी बाजूला ठेवली. आमच्या संसारात ती माझ्यावर कधी ओरडली नाही, तेव्हाही नाही. "तुमी परत पाठवा म्हणता," ती म्हणाली, "त मंग तिले तुमीच सांगा. तोंडावर. फिराले जाऊ म्हणून नाई सांगाचं." आणि मला उत्तर द्यायला सवड न देता तिने हाक मारली, "आरती, इकडं ये. ह्यायले तुह्याशी बोलाचं हाय."

आरती आली. तिने माझ्याकडे पाहिलं, शालिनीकडे पाहिलं आणि न सांगताच आत गेली. बाहेर आली तेव्हा खांद्याला पिशवी होती. तिने दाराशी बसून चपला घातल्या, पट्टा लावला, आणि सात वर्षांच्या मुलीने विचारू नये इतक्या शांतपणे विचारलं, "जीप किती वाजता हाय?"

शालिनी मध्ये पडली नाही. भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. शेवटी मी म्हणालो, "जीप नाही... बाजारात चाललो. भाजी आणायला. येतेस का?"

त्या दिवशी गावचा बाजार होता. ती आली, माझ्या दोन पावलं मागे, पिशवी खांद्याला लावूनच. मी पिशवी आणायला विसरलो होतो. मेथीवाल्या बाईने जुडी पुढे केली तेव्हा ठेवायला काही नव्हतं. आरतीने जरा विचार केला आणि आपल्या पिशवीचं तोंड उघडून धरलं. मेथी, मग मिरच्या, मग चिखलाचे बटाटे तिच्या फ्रॉकांवर पडले. घरी आल्यावर शालिनीने भाजी काढून घेतली आणि मळलेले फ्रॉक धुवायला टाकले. वाळल्यावर ते कप्प्यात ठेवले. पुन्हा ते पिशवीत गेले नाहीत. मी परत पाठवायची गोष्ट पुन्हा काढली नाही, कागद झाला, आणि मला वाटलं, विषय संपला.

शालिनीसाठी मात्र तिथून काम सुरू झालं होतं. तिने घरात नियम केला: बाहेर पडायचं तर सकाळीच आरतीला सगळं सांगायचं. कुठे, कोणत्या गाडीने, बरोबर कोण, आणि परत किती वाजता. सुरुवातीला फक्त धनजपर्यंत, आपल्याबरोबर केंद्रात. "चारच्या गाडीनं परत," ती सांगायची आणि चारची गाडी पकडायची. एकदा ती गाडी आलीच नाही. आशाताईंनी सांगितलेली हकीकत अशी की, शालिनीने एका जीपवाल्याला अडवलं. तो म्हणाला, सवाऱ्या भरल्याशिवाय हलवत नाही. ही बाई रस्त्यात जीपपुढे उभी राहिली. "मी पोरीले चारचं सांगतलं हाय," ती म्हणाली. "तू नाई निंगाला त मी खोटी पडतो." चार वाजून दहा मिनिटांनी ती रिकामी जीप कामरगावच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी घरात शिरताना आरतीने तिला पहिल्यांदा आई म्हटलं, असं शालिनी सांगायची. मला ती आजही फक्त 'तुमी' म्हणते.

माझ्या मनात एक भीती घर करून राहिली. त्या संध्याकाळी माझं बोलणं आरतीने ऐकलं होतं का? शालिनी अधूनमधून म्हणायची, "एकदा सांगून टाका तिले." मी म्हणायचो, दहावी होऊ दे. दहावी झाली. मग म्हणालो, बारावी होऊ दे. शालिनीच्या जाण्याच्या चारच दिवस आधी आमचं यावरून वाजलं होतं. तेव्हाही मी उठून बाहेर गेलो होतो.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर माझे थोरले भाऊ ओसरीवर बसले होते. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "आता बाई नाई घरात. तू एकटा मानूस, वयात आलेली पोरगी. हॉस्टेलले टाकून दे. आखरीले..." ते पुढे बोलले नाहीत, पण न बोललेलं सगळ्यांनी ऐकलं. आरती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

मी तिच्या मागे गेलो. ती खिडकीशी उभी होती, पाठ माझ्याकडे. "आरती," मी म्हणालो, "तू लहान होतीस तेव्हा, ते कारंज्याचं झालं त्या दिवशी... मी तुला परत पाठवणार होतो. आईनं नाही पाठवू दिलं."

"माहीत हाय मले," ती वळून न बघता म्हणाली. "नववीत होतो तवा मीच आईले इचारलं होतं. तिनं खरं ते सांगतलं."

मी खाटेवर बसलो. "मग मला कधी बोलली का नाहीस?"

"आई म्हणे, ते एक दिवस स्वतःहून सांगतीन. तवर तू इचारू नको." ती आता माझ्याकडे बघत होती. "लय दिवस लावले तुमी."

मी म्हणालो, हो. मग विचारलं, हॉस्टेलला जायचं आहे का? ती म्हणाली, नाही. मी ओसरीवर जाऊन भावाला सांगितलं, आरती इथेच राहील.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं धनजला गेलो, शालिनीचं कपाट रिकामं करायला. स्वेटर, चष्म्याचं घर, बडीशेपेची डबी. बदलीवर आलेल्या सिस्टर टेबलावर लस काढत होत्या. पाचेक वर्षांची एक मुलगी आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होती आणि आई तिला म्हणत होती, "काही नाई दुखत वं, मुंगी चावल्यासारखं." आरती हातातलं सामान खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवी बसली. "दुखते," ती म्हणाली. "एवढंसं. मी दहा म्हणतपर्यंत. मंग कमी होते." शालिनी हे प्रत्येक लेकराला असंच सांगायची, दुखत नाही असं तिने एकालाही कधी सांगितलं नाही. मुलीने पदर सोडला, दंड पुढे केला. सुई टोचली तशी आरती मोजायला लागली. मुलगी सहालाच रडायची थांबली आणि दाराकडे पळाली. आरती मात्र तिथेच बसून राहिली, आणि तिने हळूहळू दहापर्यंत पुरे मोजलं.