बावड्यातली अमावास्या

पुण्याहून सुमो सुटली तेव्हा टपावर फ्रान्सिसचा डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं, माणसाहून उंच वाद्य) ताडपत्रीत गुंडाळून बांधला होता. पियानोवाला शिरीष पुढे, आणि मी मागे ड्रमच्या पिशव्यांत अंग चोरून. आम्ही तिघं जॅझ वाजवतो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, पण तेव्हा आम्हाला पुण्यातही कुणी फारसं विचारत नव्हतं.

मी चंद्रावर एक नवी रचना बांधली होती. ती पौर्णिमेला सुरू व्हायची, कलेकलेने उतरत अमावास्येला पूर्ण गप्प व्हायची आणि मग पुन्हा भरत जायची. ज्यांना ज्यांना ऐकवली ते म्हणाले, मधली शांतता काढून टाक. कोल्हापुरात ती पहिल्यांदाच लोकांसमोर वाजणार होती. अख्खी वाजवेन, नाहीतर वाजवणारच नाही, असं ठरवून मी निघाले होते.

कराड सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगायला लागली. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात शिरलो तेव्हा साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात बसला. तिथल्या एका मंडळाच्या वर्धापनदिनाला आम्हाला वाजवायचं होतं. बास उतरवताना गल्ली गोळा झाली. “पावणं, ह्यात काय हाय?” असं चौघांनी तरी विचारलं.

जेवण मंडळाचे अध्यक्ष आप्पा यांच्या घरी होतं. त्यांच्या पत्नी, काकी, पांढरा रस्सा (मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध घालून केलेला) वाटीवर वाटी ओतत होत्या. आप्पांनी हळूच सुचवलं, की आधी सिनेमातली दोन गाणी होऊ द्या, चंद्राचं शेवटी थोडक्यात घ्या. मी नाही म्हटलं आणि आणखी एक वाटी मागून घेतली.

संध्याकाळी पत्र्याचं सभागृह भरलं. आम्ही पौर्णिमेपासून उतरत आलो. बासचा शेवटचा सूर विरला, मी हात मांडीवर ठेवले आणि अमावास्या सुरू झाली. लगेच टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत आप्पा शाल, श्रीफळ आणि फेट्यांचं तबक घेऊन मंचावर. सत्काराशिवाय पाहुण्याला खाली उतरू द्यायचं नाही, ही इथली रीत. फेटा बांधणाऱ्याने शिरीषच्या डोक्याला दोन वेढे दिलेसुद्धा, आणि शिरीष मान वाकवून हसत होता. माझं डोकंच सणकलं.

“आप्पा, सत्कार नंतर. अजून अर्धं व्हायचंय.”

“टाळ्या झाल्या की आता, ताई.”

“त्या परत घ्या आणि खाली बसा.”

भर सभेत यजमानाला असं बोललेलं तिथे कुणी ऐकलं नसावं. मला भीती वाटली, पण मी नजर हटवली नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकी म्हणाल्या, “बसा की खाली. तिचं संपल्यालं न्हाय म्हनतीया न्हवं?”

आप्पा मंचाच्या कडेला तबक मांडीवर घेऊन बसले. मी अमावास्या पुन्हा पहिल्यापासून धरली आणि मनाला येईल तेवढी लांबवली. मग ड्रमच्या झांजेला तारांचा ब्रश एकदाच लावला. शिरीषचा अर्धवट फेटा कानावर लोंबत होता, तो तसाच वाजवू लागला. आम्ही चढत चढत पौर्णिमेला पोचलो आणि दणक्यात थांबलो.

एकही टाळी नाही. सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते.

“ताई,” आप्पांनी दबक्या आवाजात विचारलं, “आता उठू का?”

उठा म्हटलं. मग टाळ्यांनी पत्रे हादरले.

परतीच्या वाटेवर शिरीष म्हणाला, लोकांचा घोटाळा होतो, ती शांतता कापू या. फ्रान्सिसचंही तेच मत पडलं. त्यांचं चुकत होतं असं नाही. पण बावड्याचं ते सभागृह माझ्यासाठी गप्प बसून राहिलं होतं, आणि आजवर एवढं मला कुणी दिलं नव्हतं. आता कुणाच्या सोयीसाठी मी ते कमी करणार नाही. मी दोघांना सांगून टाकलं, पुढच्या खेपेला अमावास्या तिन्ही फेटे बांधून होतील एवढी लांब असेल.