पहिला शब्द कवळीचा

त्याला सगळे कवळी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देत असे, कारण नाव धंद्यावरून पडलं होतं आणि धंद्याची त्याला लाज नव्हती. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका लॅबमध्ये तो कामाला होता. तोंडाचं माप आलं की त्यात प्लास्टर ओतायचं, साचा निघाला की त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी पक्की झालेली कवळी फिरत्या चाकावर घासून चकचकीत करायची. कितीतरी माणसं त्याने बसवलेल्या दातांनी जेवत होती आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलं नव्हतं. त्याला ते बरंच वाटायचं. माणसं समोर आली की त्याचं डोकं फिरायचं. चूक कुणाचीही असो, आधी समोरच्याची बिनपाण्याने व्हायची. दोन डॉक्टरांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्यांचे निरोप मालकामार्फत यायचे आणि मालकही ते दारातूनच सांगून सटकायचे.

चाकाच्या घरघरीवर मात करायला तो कानात मेटल संगीत लावायचा. ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर गिटार गुरगुरते, ड्रमवाला दोन्ही पायांनी झोडपत सुटतो आणि गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडतो. कवळीच्या आईने त्याच्या लाडक्या बँडचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारलं होतं, "हा गातोय, की ह्याला कुणी मारतंय?" कवळीने आईशी आठवडाभर अबोला धरला. दुसऱ्या कुठल्याही विषयावर आई त्याला वाटेल ते बोलू शकत असे, पण त्या बँडवर नाही.

त्या बँडचे भक्त मिळून पाच होते. कवळी स्वतः. त्याचा कॉलेजातला मित्र, ज्याने पुढे कवळीच्या धाकट्या बहिणीशी लग्न करून मेव्हणेपण ओढवून घेतलं. ती बहीण. तिची मैत्रीण, एका हॉस्पिटलातली नर्स. आणि लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, जो एकदा लॅबच्या इमारतीत अडकलेल्या लिफ्टच्या टपावर बसून त्यांचंच गाणं गुणगुणताना सापडला होता.

या पाचांचा एक रिवाज होता. नवा अल्बम आला की तो कुणी एकट्याने ऐकायचा नाही. आधी सोडलेली एकदोन गाणीसुद्धा नाहीत. अल्बम कोणत्याही वारी येवो, त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी कवळीच्या खोलीत जमायचं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचा आणि मध्ये चकार शब्द काढायचा नाही. संपला की पहिला शब्द कवळीचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या खेपेला कवळीच आधी बोलला आणि असं बोलला की बाकीच्यांची बोलायची इच्छाच मेली. पुढच्या खेपेपासून लोक आपणहून थांबायला लागले. कवळीला वाटलं, हा मान आहे.

मग बँडमध्ये फाटाफूट झाली. मूळ गायक, ज्याला हे पाच जण थोरला म्हणत, भांडून बाहेर पडला. वर्षामागून वर्षं गेली, बँडचं नावनिशाण उरलं नाही. आणि एके दिवशी बातमी आली की नवा गायक घेतलाय, अल्बम येतोय. मेव्हण्याने फोनवरच्या ग्रुपमध्ये नाचणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं. कवळीने खाली लिहिलं, "मयताच्या दारात नाचताना लाज वाटत नाही?"

तिथून जी जुंपली ती महिनोन् महिने. नव्या गायकाचा फोटो आला. केस नीट विंचरलेले, शर्टाला इस्त्री. कवळी म्हणाला, हा गाणार आहे की विमा विकणार आहे? नर्सने मुखपृष्ठाचं चित्र छान आहे एवढंच लिहिलं, तर तिला उत्तर मिळालं की दिवसभर जखमा बघून तुझी नजर मेलीय. तिने त्यानंतर ग्रुपमध्ये एक अक्षर लिहिलं नाही. लिफ्टवाला गरीब स्वभावाचा. त्याने घाबरत घाबरत लिहिलं की मला बुवा आशा आहे. कवळीने त्याची आशा अशी काही खाली आणली की त्याने आपला निरोपच पुसून टाकला. अल्बम कुणी ऐकलेला नव्हता, तरी कवळीकडे त्याच्या प्रत्येक गाण्याबद्दल वाईट मत तयार होतं.

मेव्हणा मात्र ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. अल्बम यायच्या आधीच्या आठवड्यात बहिणीने कवळीला जेवायला बोलावलं आणि पहिल्या घासालाच दोघांची लागली.

"थोरला स्वतः सोडून गेला," मेव्हणा म्हणाला. "त्याला कुणी हाकललं नव्हतं. बाकीच्यांनी काय जन्मभर सुतक पाळायचं?"

"पाळायचं. नाहीतर नाव बदलायचं. त्याच नावावर दुसरा उभा करायचा म्हणजे फसवणूक आहे."

"अरे, ऐक तरी आधी!"

"कुजलेलं आहे हे कळायला चाखून बघावं लागत नाही मला."

"तुला ते कुजलेलंच हवंय. चांगलं निघालं तर तुझी पंचाईत होईल."

कवळीने ताट सरकवलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, कारण मेव्हणा नेमका वर्मावर बोट ठेवून बसला होता. कवळीला खरोखरच तो अल्बम वाईट निघायला हवा होता. आपण इतके दिवस बोललो ते खरं ठरावं, चौघांनी माना खाली घालाव्यात, आणि मेव्हण्याने तर जरा जास्तच खाली घालावी, असं चित्र तो चाकावर कवळ्या घासताना रोज रंगवत होता.

हात धुवायला तो आत गेला तेव्हा बहीण मागोमाग आली.

"दादा, एक सांगते, चिडू नकोस. ह्या वेळी आधीच ठरवून फाडू नकोस. सगळे कंटाळलेत रे. रविवारी तेच केलंस तर पुन्हा कुणी तुझ्या खोलीत पाऊल टाकणार नाही. मीसुद्धा नाही."

"नका येऊ. इथे कोण पायघड्या घालून बसलंय?"

तोंडाने म्हणाला खरा, पण जिना उतरताना तिचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. लग्न त्याने केलं नव्हतं. जी स्थळं आली त्यांच्यात खोट काढून झाली होती. लॅबमधले लोक त्याच्याबरोबर डबाही खात नसत. कुणी घरी यावं, चार तास बसावं, असे दिवस त्याच्या आयुष्यात फक्त हेच होते. ते गेले तर तो आणि आई, आणि आई दुपारी झोपते.

शुक्रवारी अल्बम आला. कवळीने रिवाजाप्रमाणे फोन बंद करून कपाटात टाकला. शनिवारी त्याने खोली झाडली, गादीवरची चादर बदलली, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढले, मग मागे ढकलले, मग पुन्हा पुढे ओढले. शेजारच्या खोलीतून एक खुर्ची मागून आणली आणि ती डुगडुगते म्हणून शेजाऱ्यालाच चार शब्द सुनावले.

रविवारी चौघं आली. चहा झाला. कुणी फारसं बोललं नाही. कवळीला वाटलं, माझ्या धाकाने गप्प आहेत, आणि त्याला जरा बरं वाटलं. नर्स आणि बहीण गादीवर बसल्या, मेव्हणा खुर्चीवर, लिफ्टवाला खिडकीत. कवळी नेहमीच्या जागी, स्पीकरच्या बरोबर मध्ये, जमिनीवर. त्याने बटण दाबलं आणि दातओठ खाऊन ऐकायला बसला.

पहिलं गाणं चांगलं होतं.

त्याने स्वतःला बजावलं की एखादं निघतं चांगलं. नवा गायक थोरल्यासारखा ओरडत नव्हता. त्याचा आवाज खालचा, कोरडा, बंद दाराआड स्वतःशीच भांडणाऱ्या माणसासारखा होता, आणि ओरडायचा तेव्हा अगदी नाइलाज झाल्यावरच ओरडायचा. दुसरं गाणं त्याहून चांगलं. कवळीला राग यायला लागला. इतक्या महिन्यांच्या शिव्या वाया जाताहेत हे त्याला दिसत होतं, आणि त्याच वेळी अंगावर काटाही येत होता. मान केव्हा डोलायला लागली ते त्याला कळलं नाही.

तिसऱ्या गाण्यात ते घडलं.

या बँडची एक खोड होती. ताल सरळ चालला असताना मध्येच एक ठोका गिळून टाकायचे आणि सगळी वाद्यं एकदम गप्प करायचे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची मान तिथे हमखास चुकते. गाणं थांबलेलं असतं आणि मान आपली खाली गेलेली असते. मागच्या अल्बमच्या वेळी पाचही माना एकदम फसल्या होत्या, आणि न बोलण्याचा नियम मोडून सगळे पोट धरून हसले होते. आताही गाणं थांबलं. कवळीची मान खाली गेली. हसून त्याने वर पाहिलं, तर बाकीच्या चार माना जागच्या जागी थांबलेल्या. एकही चुकली नव्हती. खिडकीतल्या लिफ्टवाल्याने बोट वर धरलं होतं, आणि ते बोट खाली आलं त्याच क्षणी ड्रम पुन्हा सुरू झाला. नर्सचे ओठ शब्दांबरोबर हलत होते.

सगळ्यांनी अल्बम ऐकलेला होता. एकदा नव्हे, चांगला पाठ होईपर्यंत.

कवळीला आधी काहीच वाटलं नाही. मग कानशिलं तापली. उठावं, बटण बंद करावं आणि एकेकाला बखोट धरून बाहेर काढावं, असं त्याच्या मनात आलं. तो उठला नाही. पुढची गाणी त्याने खाली बघून ऐकली. ती सगळी चांगली होती. शेवटचं तर इतकं चांगलं होतं की त्याला या चौघांचा आणखीच संताप आला.

अल्बम संपला. रिवाजाप्रमाणे सगळे गप्प राहिले. पहिला शब्द त्याचा होता.

तयार वाक्यं त्याच्याकडे भरपूर होती. चोरी पकडल्याचंही आता हाताशी होतं. बहीण पर्सच्या बंदाला पीळ घालत बसली होती, आणि तिच्याकडे पाहून त्याला एवढंच कळलं की आपण आता जे बोलू त्यावर हे लोक पुन्हा येणार की नाही ते ठरणार आहे. आणि खरं तेच बोलायचं, तर ते या वेळी सोपं होतं.

"चांगलाय," तो म्हणाला.

मेव्हणा खुर्चीत पुढे सरकला.

"पुढे?" मेव्हणा म्हणाला.

"पुढे काय? चांगलाय."

"बरं. पण?"

"पण वगैरे काही नाही."

नर्सने बहिणीकडे पाहिलं. "मी म्हटलं नव्हतं? ह्या वेळी गोड बोलून सुरुवात होणार." लिफ्टवाला कसनुसं हसला आणि पायात चप्पल सरकवायला लागला.

"तो नवा चांगला गातो," कवळी म्हणाला. "थोरल्यापेक्षा वेगळा, पण चांगला गातो."

"दादा, पुरे," बहीण म्हणाली. "द्यायच्या तर सरळ शिव्या दे. हे असं चावून चावून नको बोलूस."

"मी कुठे चावतोय? चांगलं म्हणतोय ना मी!"

"बोलतोयस कसा ते बघ की," मेव्हणा म्हणाला.

इतकी वर्षं कवळीने या खोलीत एकही चांगला शब्द टोमण्यासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी वापरला नव्हता. आता वापरायला गेला तर कुणाला ओळखू येईना. आणि समजावून सांगणं हे काम त्याच्या जिभेला कधी जमलंच नव्हतं. तिला एकच काम येत होतं.

"अरे मूर्खांनो, चांगलं म्हणतोय ते डोक्यात शिरत नाही? कान आहेत की शोभेला लावलेत? आणि तुम्ही कशाला नीट ऐकाल आज! आधीच ऐकून बसलात ना सगळे? मान चुकली नाही एकाची! चोर कुठले!"

लिफ्टवाल्याची चप्पल अर्धीच पायात राहिली. मेव्हणा काही बोलायला गेला, पण बहिणीने त्याला हाताने थांबवलं.

"हो," ती म्हणाली. "शुक्रवारी आमच्याकडे ऐकला. काल परत ऐकला."

"का?"

"एकदा तरी न घाबरता ऐकायचा होता, दादा."

"मग आज कशाला आलात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तो जमिनीवर बसून राहिला आणि चौघं उठली. नर्सने कपबश्या गोळा करून मोरीत ठेवल्या, परक्या माणसाच्या घरी ठेवतात तशा. बहीण आत डोकावून आईला "येते गं" म्हणाली. त्याला कुणी येतो म्हटलं नाही. पावलं जिन्यावरून उतरू लागली तेव्हा कुठे तो भानावर आला, अनवाणी बाहेर धावला आणि कठड्यावरून वाकला. खाली मेव्हणा हेल्मेट चढवून स्कूटर काढत होता.

"चांगलाय!" कवळी ओरडला. "ऐकू येतंय का? खरंच चांगला आहे रे अल्बम! गाढवांनो, चांगला आहे!"

शेजाऱ्याने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. मेव्हण्याने हेल्मेटमधूनच वर पाहिलं. शब्द त्याच्यापर्यंत पोचले नव्हते, आवाज तेवढा पोचला होता.

"कळलं रे बाबा, कळलं," तो म्हणाला. "निदान रस्त्यात तरी शिव्या देऊ नकोस."