बोलोन्यातली दशमी

इटलीतल्या बोलोन्याच्या जुन्या बाजारात एक वाइनचं दुकान आहे. तिथे फक्त वाइन मिळते. खाणं ज्याचं त्यानं आणायचं, अशी जुनी रीत. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ या पाट्या वाचतच मी वाढले, त्यामुळे पिशवीतली दशमी आणि लसणाची चटणी दबकतच बाहेर काढली. शेजारच्या आजोबांनी लगेच आपलं चीज माझ्यापुढे सरकवलं आणि चटणीकडे बोट दाखवलं. चाखल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात पुन्हा चटणीकडेच! किती शहाणं शहर! हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो. इथे डबा उघडला की पंगतीत बसतो.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. मी दुकानातून निघायला उठले, तसं आजोबांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, “उद्या काय आणणार?”