शनिवारचे स्क्वॉट, रविवारचं पळणं

“सर, लघवी काळ्या चहासारखी होतेय. मांड्या दगड झाल्यात. उभंच राहता येत नाही.”

रविवारी सकाळी आठला पीयूषचा फोन. मी जळगावातल्या एका जिममध्ये ट्रेनर आहे, बारा वर्षं झाली. काळी लघवी म्हणजे काय, ते कोर्समध्ये शिकलो होतो. प्रत्यक्ष कधी गाठ पडली नव्हती. “पेनकिलर घेऊ नकोस. सरळ हॉस्पिटलला नीघ, मी येतो,” म्हणालो.

पीयूष सव्वीस वर्षांचा, डाळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मार्गशीर्षात लग्न ठरलेलं. साखरपुड्याची शेरवानी खुंटीला टांगल्यासारखी दिसते म्हणून मित्रांनी चिडवलं, तसा माझ्याकडे आला. मसल हवे होते. पण रविवारी पहाटे ग्रुपबरोबर मेहरूण तलावाकडे पळायचं, तेही सोडायचं नव्हतं.

पळून मसल जातात, हा जिममधला जुना गैरसमज. दोन्ही एकत्र जमतं. फक्त पायांचं जड वजन आणि लांबचं पळणं लागोपाठ घ्यायचं नाही, आणि मधे नीट खायचं-प्यायचं. मसल व्यायामात झिजतो, जेवणात आणि झोपेत भरून निघतो. म्हणून मी पायांचा दिवस मंगळवारी ठेवला होता. पीयूषला मात्र शनिवारी संध्याकाळीच वेळ मिळायचा.

“आबा, लागोपाठ नको,” मी जिमच्या मालकांना म्हणालो.

“तरणाताठा पोरगा आहे. काबरं अडवतो त्याला?”

मी मान डोलावली आणि त्याचा पायांचा दिवस शनिवारी हलवला. आबांवर ढकलून मोकळं होता येईल, पण चार्ट माझ्या हातचा होता. दीड महिना सगळं सुरळीत चाललं, पीयूषचं वजन वाढलं आणि मला माझ्याच हुशारीची भूल पडली. त्या शनिवारी मी स्क्वॉटचे सेट पाचाचे दहा केले. ऑक्टोबरचा उकाडा, पंखे गरम हवा फेकत होते. तो घामाने निथळत होता. मी बाटली पुढे केली.

“नको सर.”

मी बाटली खाली ठेवली आणि पुढचा सेट मोजायला लागलो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “मसल इतके तुटलेत, की त्यातला कचरा रक्तात उतरून किडनीत अडकलाय. काल संध्याकाळपासून पाणी किती प्यालास?”

“आज सकाळी पळून आल्यावर प्यालो. त्याआधी नाही. चौविहार आहे, मॅडम.”

चौविहार म्हणजे जैनांचा नियम, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. चातुर्मासात त्याने नियम घेतला होता. सकाळीही सूर्योदयानंतर पाऊण तास थांबायचं. चौदा किलोमीटर तो ती वेळ व्हायच्या आत पळून आला होता.

मी उसळलो. “मला काबरं नाही सांगितलं? तीन लिटर पाणी होतं का विचारलं, की हो म्हणायचास!”

“होत होतंच की, सर. दिवस मावळायच्या आत पिऊन घ्यायचो.”

त्याचे वडील शेजारी उभे होते. “सर, आमच्या घरात तीन पिढ्या हा नियम आहे. कुणाला काही झालं नाही. तुम्ही एकदा विचारलं असतं, तर त्याने लपवलं नसतं.” आवाज चढवला नाही त्यांनी. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नियमाचा काय दोष? तो पाळून माणसं ठणठणीत जगतात. पाणी किती, ते मी विचारलं. कधी, ते विचारलं नाही. आणि दहा सेटनंतर रात्रभर कोरड्या राहणाऱ्या शरीराला मी पहाटेचं पळणं लावून दिलं.

पाच वेळा डायलिसिस झालं. जीव वाचला, किडन्या पूर्ण सावरल्या नाहीत. लग्न आधी पुढे गेलं, मग मुलीकडून नकार आला. सहा महिन्यांनी मी त्याच्या दुकानात गेलो. “या सर,” म्हणत त्याने खुर्ची दिली. उठताना टेबलाचा आधार घेतला. मला तिथे बसवेना.

आता नवीन माणूस आला की टेप आणि वजनकाटा नंतर. आधी विचारतो, दिवसातलं शेवटचं पाणी कधी पिता आणि सकाळचं पहिलं कधी? लोक हसतात. विचारायला अर्धं मिनिट लागतं. शिकायला मला पीयूषच्या किडन्या लागल्या.