सोनेरी अंगठा

हेअर ड्रायरने एम्बॉसिंग होत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी करून बघितलं. कार्डावर शिक्का मारला, त्याच्या ओल्या शाईवर सोनेरी पावडर भुरभुरली, ड्रायर सुरू केला आणि सगळं सोनं उडून आईच्या पोह्यांच्या बशीत जाऊन पडलं. आईने पोहे टाकून दिले आणि मला बरेच दिवस सोनारीण म्हणून हाक मारली.

मग मी हीट गन मागवली. तिची हवा मंद, पण चटका देणारी. आधी काहीच होत नाही, पावडर बारीक रेतीसारखी नुसती बसलेली असते. मग एका अक्षराचा कोपरा ओला झाल्यासारखा चमकतो, वितळतो, फुगतो, आणि ती चमक पुढच्या अक्षरावर सरकत जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आनंदाने किंचाळलेच. बोट फिरवलं तर अक्षर बोटाला लागत होतं! ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर एक्सेल बडवणारी मी, तिशी ओलांडलेली घोडी, आणि एका कार्डापायी अशी नाचत होते.

शाईचं वेड त्याच्याही आधीचं. ब्रशने शाई कागदावर घोळवत रंगात रंग मिसळायचा. ब्रश थेट कागदावर टेकवला की डाग पडलाच म्हणून समजा. म्हणून सुरुवात बाहेर, खालच्या मॅटवर करायची आणि गोल गोल फिरवत अलगद कागदावर यायचं. निळा, मग जांभळा, मग गुलाबी. कुठला रंग कुठे संपला ते कळलं नाही, की जमलं. माझी निम्मी आभाळं कचऱ्यात गेली आहेत, पण जे जमतं त्याच्याकडे मी खुळ्यासारखी बघत बसते.

गेल्या मे महिन्यात असंच एक जमलं, आणि ते मावशीच्या साठीसाठी होतं. मावशी म्हणजे आमची इथली, कोपरची शेजारीण. भिंतीला भिंत, दार कायम उघडं. आई आणि ती दोघी कोकणातल्या, त्यामुळे गावाहून फणस आला की तो आमच्याच स्वयंपाकघरात दोघींनी मिळून फोडायचा, हे ठरलेलं. आणि एक दिवस बिल्डिंगच्या दारात मावशीच्या सामानाचा टेम्पो उभा राहिला. तिच्या मुलाने बाळकुमला टॉवरमध्ये घर घेतलं होतं आणि आईला ते कळलं टेम्पोवाल्याकडून. त्या दिवसापासून आईने तिचं नाव टाकलं. फोन नाही, सणाला निरोप नाही. विषय निघाला की आई म्हणायची, तिला आता लिफ्ट आहे, आपली काय गरज. पण फणस एकटीने फोडताना ती दर वेळी अर्धे गरे वेगळ्या डब्यात भरायची आणि मग तो डबा कोणाला द्यायचा हे तिला सुचायचं नाही. ते बघून माझ्या जिवाला फार लागायचं.

म्हणून मी ठरवलं, साठीला कार्ड द्यायचं, आईच्या नावासकट. मराठी शिक्का कुठे मिळेना, तेव्हा ठाण्याला कोर्टाजवळ वकिलांचे शिक्के बनवणाऱ्याकडून करून घेतला. ‘साठीच्या शुभेच्छा’ वाचून त्याने विचारलं, हा कुठल्या खात्याचा?

वाढदिवसाच्या सकाळी आई ओट्याशी फणस फोडत होती. हातांना, विळीला तेल चोपडलेलं, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. मी आभाळ रंगवलं आणि तिला म्हटलं, खाली फक्त सही कर.

“तुझं कार्ड, तुझी हौस. माझं काय त्यात?” ती म्हणाली.

मी फार ताणून धरलं नाही. एक्स्टेंशन बोर्ड शोधायला आत गेले, परत आले तेव्हा आई टेबलापासून लगबगीने ओट्याकडे वळत होती. मी घाईत होते. शिक्का मारला, पावडर टाकली, जास्तीची झटकली आणि गन लावली. अक्षरं एकेक करून उठली. आणि मग खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे मी काहीच छापलं नव्हतं, तिथेही काहीतरी चमकायला लागलं.

अंगठा. तेलाच्या ठशाने पावडर धरून ठेवली होती आणि तो रेघेरेघेने फुगून वर आला होता. माझ्या तोंडात शिवी आली होती, इतकं सुरेख आभाळ खराब झालं म्हणून. तेवढ्यात मला त्या ठशाच्या मधोमध एक आडवी फट दिसली. आईच्या अंगठ्यावर विळीच्या जुन्या जखमेचा वण आहे, अगदी तिथेच. आईने सही केली होती, तिलाही पत्ता न लागता! तिला काही न सांगता मी कार्ड पाकिटात घातलं, ठाणं गाठलं आणि तिथून बाळकुमची रिक्षा पकडली.

मावशीने मला पोटाशी धरलं, मग माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं. कार्ड हातात घेऊन तिने आभाळाचं कौतुक केलं, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि कोपऱ्यात पोचल्यावर ते बोट थांबलं.

“हा तिचा अंगठा,” ती म्हणाली. “टाके घालताना दुसरा हात मी धरलेला.”

मग ती रडली आणि रडत रडतच बोलत सुटली. घराचं सांगायला ती कितीदा आमच्याकडे आलेली. पण आई समोर चहा ठेवायची, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, आणि आता हिला कसं सांगू म्हणत ती चहा पिऊन परत जायची. असं करता करता टेम्पोच आला.

संध्याकाळी मी हे सगळं आईला सांगितलं, अंगठ्यासकट. आई बराच वेळ स्वतःचा अंगठा बघत बसली. मग म्हणाली, मी चहा चांगला करते, ही काय माझी चूक झाली? आणि सकाळी वेगळा भरलेला गऱ्यांचा डबा तिने फ्रिजमध्ये मागे, कोणाचा हात लागणार नाही असा सरकवून ठेवला.

पुढच्या रविवारी बेल वाजली. आईने दार उघडलं. बाहेर मावशी उभी होती, जिने चढून धापा टाकत. मी टेबलाशी ब्रश हातात धरून बसले होते. आईने दार अडवलेलंच होतं.

“आधी काय सांगायचंय ते सांग,” आई म्हणाली. “चहा मग.”

मावशीने पदराने तोंड पुसलं.

“अगं, आम्ही बाळकुमला घर घेतलंय.”

“हो का?” आई म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. “कितव्या मजल्यावर?”