हरवलेल्या माणसाची माहिती

आमच्या इस्पितळात फोन केलात, की पहिला आवाज तिचा यायचा. जिन्याखालच्या तिरक्या छताच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डासमोर तिने सत्तावीस वर्षं काढली. कोणाला वॉर्ड हवा असो, रक्तपेढी हवी असो नाहीतर शवागार, ती एका सुरात म्हणायची, "थांबा, जोडून देते." त्यावरून तिचं नाव जोडताई पडलं आणि तेच चिकटलं. मी शेजारच्या रेकॉर्ड विभागात होते. डबा आम्ही दोघी माझ्या टेबलावर खायचो, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे, आणि त्यात थोडा वाटा माझाही आहे.

तिने लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा थोरल्या भावाने तिला वाढवलं, शिकवलं. हा दादा कारखान्यात टर्नर होता. लेथ मशीनने त्याच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर कधीच नेलं होतं. वहिनी गेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तेव्हा जोडताईने दादाला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

वर्षभरात तो विसरायला लागला. आधी चहा झाला की नाही ते, मग घराचा मजला, मग वहिनी गेली आहे हे. एकदा ती कामावरून घरी आली तर तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बसा ना. कोणाकडे आलात आपण?" हे सांगताना ती हसली होती. "माणूस सगळं विसरला, पण वागणं बघ कसं टापटीप."

कामावर निघताना ती बाहेरून कुलूप लावायची. एक किल्ली शेजारणीकडे असायची, ती दुपारी जेवण वाढून यायची. हे दीड वर्ष सुरळीत चाललं. मग एका सकाळी दादा अगदी पूर्वीसारखा जागा झाला. बहिणीला लहानपणच्या नावाने हाक मारली, तिच्या चपलेचा निघालेला अंगठा स्वतः शिवून दिला. ती कुलूप हातात घेऊन दारात उभी राहिली तेव्हा म्हणाला, "मला कोंडून जाऊ नकोस गं. मी काय गुन्हा केलाय?"

तिने कुलूप पर्समध्ये टाकलं आणि दार नुसतं ओढून घेतलं.

दुपारी शेजारणीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. जोडताईने हेडफोन काढून बोर्डावर ठेवला. सगळे दिवे लुकलुकत होते, आणि तिने एकही फोन उचलला नाही.

पोलिसांत तक्रार झाली. खांबांवर फोटो लागले. दादाची मुलगी धावत आली, बारा दिवस राहिली, पायांना फोड येईपर्यंत फिरली. तिने एकदाच विचारलं, माझ्यासमोर, "आत्या, कुलूप का नाही लावलंस?" जोडताईने जे खरं होतं ते सांगितलं. भाची ऐकून घेऊन आत गेली. त्यानंतर ती आत्याशी बोलायची, पण कामापुरतंच.

दादा हरवल्याला महिना झाला तेव्हा भाचीने आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवर समजावलं. "वेबसाइट करू या. प्रोग्रॅमिंग वगैरे काही यावं लागत नाही. एआय आहे. तुला काय हवंय ते साध्या भाषेत लिहायचं, ते पान बनवून देतं. मला इथून रजा मिळत नाही. एवढं तरी तू कर."

त्या शेवटच्या वाक्यानंतर जोडताई नाही म्हणूच शकत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही माझ्या टेबलावर लॅपटॉप मांडला. "काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "फोनवर कोणाला सांगशील तसंच लिही." तिने दोन बोटांनी टाइप केलं, माझे थोरले बंधू हरवले आहेत, वय एकाहत्तर, ते सापडावेत म्हणून एक पान करून द्या. मिनिटभरात पान तयार. पिवळंधमक, आणि मधोमध एक म्हातारा बत्तिशी दाखवत हसतोय.

"हा कोण?" ती म्हणाली.

तिने लिहिलं, "हे गृहस्थ काढा. हे आमचे नाहीत. आणि रंग इतका आनंदी नको." लगेच पान राखाडी झालं. तिने दादाचा फोटो घातला. तिने लिहिलं होतं की डाव्या अंगठ्याचं पेर नाही, एआयने त्याचं केलं 'अंगठ्याला किरकोळ दुखापत'. तिने परत समजावलं. ती त्याला अहोजाहो करायची. मी हसले तर म्हणाली, "त्याने माझं काय वाकडं केलंय, अरेतुरे करायला?"

पाच दिवस हे चाललं. खोटं कशाला बोलू, दादा हरवल्यापासून तिचा चेहरा मी तेवढे पाच दिवसच जरा उजळलेला पाहिला. सांगितलं की होत होतं. तिच्या आयुष्यात त्या दिवसांत दुसरं काहीच सांगून होत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने लिहिलं, "हरवलेल्या माणसाची माहिती भरायला जागा करा." तिला म्हणायचं होतं, दादा कुणाला दिसला तर त्याने ते तिथे लिहावं. आणि त्याखाली लिहिलं, "वाचणाऱ्याला विश्वास वाटेल असं करा."

एआयने एक फॉर्म केला. नाव, वय, शेवटचं कुठे दिसले, तुमचं नातं काय, फोटो जोडा. आम्ही दोघींनी तो वाचला आणि दोघींना तो बरोबरच वाटला. आपल्या मनात एकच माणूस असला की सगळे प्रश्न त्याच्याबद्दलच वाटतात. पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत आलं होतं, 'आजवर तीनशेहून अधिक कुटुंबांना त्यांची माणसं परत मिळाली.' त्याखाली तिघांचे अभिप्रायही. 'आशा सोडली होती, पण बाबा घरी आले. तुमचे आभार!'

"अगं, हे कुठून आलं?" मी म्हटलं.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "राहू दे. वाचायला बरं वाटतं."

माझी सगळी नोकरी कागदावरचं खरं की खोटं हे तपासण्यात गेली. रुग्णाच्या वयात एका वर्षाचा फरक असला तरी मी फाइल परत पाठवत असे. त्या दिवशी मात्र मी डबा बंद केला आणि म्हटलं, "छान झालंय."

पान सुरू झालं. भाचीने ते सगळीकडे पाठवलं. आठवड्याभरात पहिली नोंद आली आणि जोडताई धावतच माझ्याकडे आली. नोंद दादाची नव्हती. एका बाईने आपल्या हरवलेल्या नवऱ्याची माहिती भरली होती. दुसऱ्या दिवशी आणखी दोन आल्या, कोणाची आई, कोणाची मेहुणी. दोन महिन्यांत एकशे चाळीस झाल्या. दादाला पाहिल्याचं एकानेही लिहिलं नव्हतं.

फॉर्म चुकलाय हे तोवर कळलं होतं. पण ती तो बंद करेना. "त्यातल्या एखाद्याला आमचा दादा दिसला असला तर?" असं म्हणायची, आणि एकेक नोंद वाचायची. 'चालताना उजवीकडे झुकते.' 'हाक मारली तर थांबत नाही, शीळ घातली तर थांबतो.' 'रागावून गेलेली नाही, कृपया तसं समजू नये.' लोकांनी फार मन लावून लिहिलं होतं. ती वाचून डबा तसाच परत न्यायची.

मग एक टपालवाला आला. निवृत्त होता, सत्तरीचा, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. पानावर इस्पितळातल्या तिच्या बोर्डाचा फोन नंबर होता, त्यावरून पत्ता शोधत दोन गाड्या बदलून आला होता. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी औषधं आणायला म्हणून गेली ती परतली नव्हती. जोडताईची पाळी संपेपर्यंत तो बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहिला. मग आम्ही त्याला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं.

त्याने फाइल उघडली. फोटो, तक्रारीची प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. म्हणाला, "मी तुमचा फार वेळ घेत नाही. नोंद भरली तेव्हा एक राहून गेलं होतं, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुमच्या लोकांना तेवढं कळवून ठेवा."

जोडताई म्हणाली, "काका, आमचे लोक असे कोणी नाहीत. मी एकटीच आहे. माझा भाऊ हरवलाय, त्याच्यासाठी ते पान केलं होतं."

त्याने विचारलं, "मग ते तीनशे?"

"कोणी नाहीत. ते मशीनने लिहिलं. मी वाचलं होतं, आणि तसंच ठेवलं."

"म्हणजे तुमचा भाऊही…"

"नाही सापडला."

त्याने चिठ्ठ्या पुन्हा तारखेप्रमाणे लावल्या. घाई केली नाही. रागावलाही नाही, रागावला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. पाणी मागून प्यायला. उठताना म्हणाला, "शेजाऱ्यांना सांगून आलो होतो, बहुतेक घेऊनच येईन म्हणून. तिचा स्वेटरही आणलाय पिशवीत. गाडीत गार लागतं."

तो गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि लिहिलं, "तीनशे कुटुंबांचं वाक्य काढा. अभिप्राय काढा. ते खोटं होतं." उत्तर आलं, "काढले आहे! पान आता अधिक नेटकं दिसत आहे. आणखी काही बदल करू का?"

पुढचे तीन आठवडे तिने एकेका नोंदीवरच्या नंबरला फोन केला. सगळ्या एकशे चाळीस. जेवणाच्या सुट्टीत, उभ्याने, एकच गोष्ट सांगायची, ही संस्था नाही, मी एकटी बाई आहे, ते वाक्य खोटं होतं, माफ करा. काहींनी शिव्या दिल्या. एका आईने ऐकूनच घेतलं नाही, ती आपली मुलाच्या चपलेचा नंबर सांगत राहिली. पुष्कळ जण म्हणाले, "असू द्या, तरी नाव काढू नका." नावं काढली नाहीत म्हणून फॉर्मही राहिला, आणि फॉर्म राहिला म्हणून नवी नावं येत राहिली.

त्याच सुमारास एका सकाळी बोर्डावर बाहेरगावचा फोन आला. "शवागारातून बोलतोय," समोरचा माणूस म्हणाला.

"थांबा, जोडून…"

"नाही, नाही. तुमच्याशीच बोलायचंय. मी इकडच्या सरकारी इस्पितळात कारकून आहे. तुमचं पान पाहिलं. अंगठ्याचं पेर नसलेली एक नोंद आमच्याकडे आहे."

दादा घरातून निघाल्यावर सहाव्या दिवशी गेला होता. दोन जिल्हे पलीकडे, एका बस डेपोच्या बाकावर बसल्या बसल्या. खिशात काही नव्हतं. त्यांनी महिनाभर वाट पाहिली, मग बेवारस म्हणून पुढची व्यवस्था लावली. कारकुनाने तारखा वाचून दाखवल्या आणि तिने त्या कागदावर उतरवून घेतल्या. तो कागद तिने माझ्यापुढे ठेवला. व्यवस्था लावली ती तारीख आमचं पान सुरू झालं त्याच्या दोन दिवस आधीची होती. आम्ही रंग बदलत बसलो होतो त्या पाच दिवसांत पहिले तीन दिवस तो तिथे शीतपेटीत होता.

मी तो कागद उलटा ठेवला. तिने तो परत सरळ केला.

भाचीला तिनेच फोन केला. भाची म्हणाली, "कुलूप लावलं असतं तर," आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. त्यानंतर तिचा फोन आल्याचं मी ऐकलं नाही. शीतपेटीतला फोटो ओळखायला आम्ही दोघीच गेलो. दादाच होता. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली होती.

पानावर प्रत्येक नावापुढे दोनच खुणा होत्या, 'शोध चालू' आणि 'सापडले'. दादाच्या नावापुढे काय करायचं ते तिला कळेना. तिने लिहिलं, "तिसरी खूण करा." त्याने विचारलं, "नक्की करतो. तिसऱ्या खुणेला काय नाव देऊ?" ती बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसली. मग माझ्याकडे बघितलं. शेवटी तिने 'सापडले' वर बोट ठेवलं.

त्या संध्याकाळी तिने टपालवाल्याला फोन केला. का केला, ते तिलाही सांगता आलं नाही. म्हणाली, "काका, माझा भाऊ सापडला."

"जिवंत?"

"नाही."

मग तो म्हणाला, "म्हणजे सापडतात तर." आणि बायकोच्या नोंदीत कानाचं लिहिलं की नाही, ते त्याने विचारलं.

तिने ते नोंदीत लिहिलं. दादाची खूण बदलली त्या दिवशी पानाच्या माथ्यावर आपोआप एक ओळ आली होती, 'सापडलेली माणसं: १'. ती काढायला तिने त्या यंत्राला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते हो म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी ओळ तिथेच. चौथ्यांदा तिने सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. तिच्याकडे जाते मी कधीमधी. दाराला आता आतून कडी नसते, बाहेरून कुलूप नसतं. लॅपटॉप टेबलावर उघडाच असतो. गेल्या वेळी नोंदी चारशे अकरा होत्या. मी विचारलं, "बंद का करत नाहीस हे?" ती म्हणाली, "बंद केलं तर एवढ्या लोकांना तसं सांगायला कोण जाणार?" मग चहा ठेवायला उठली, आणि ती आत असताना आणखी एक नोंद आली. मी ती वाचली नाही.