चंद्रव्वाने वळवलेला रस्ता

भवानी पेठेत चंद्रव्वाला न ओळखणारा माणूस भेटला, तर तो कालच्या एस्टीने आलाय असं खुशाल समजावं. चाळीस वर्षं ती गल्लीच्या तोंडाशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. भाकरी बांधून देता देता कोणाची सून रुसली, कोणाचा मुलगा चिंचोळीच्या कारखान्यात लागला, हे सगळं काढून घेते. नवरा गेला, मूलबाळ नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांवर तिचा दिवस निघतो, आणि हे ती कधी लपवत नाही.

गल्लीने जुनी घरं पाडून एकत्र नवी वस्ती बांधायचं ठरवलं. खाली दुकानं, वर घरं, गाड्या बाहेर, दवाखान्यापासून दळणापर्यंत सगळं पायी. नकाशा केला सईने. ती इथल्याच मास्तरांची नात, शिकून परत आलेली. कागदावरचं कोणाला कळेना, म्हणून तिने शेजारच्या पटांगणात पांढरी फक्की टाकून अख्खी वस्ती खऱ्या मापाने आखली. चंद्रव्वा आपलं दुकान शोधत पार मागच्या कोपऱ्यात पोचली. शेजारी पाण्याची टाकी, समोर भिंत.

"हितं कोन येनार गं? मांजर?"

"आज्जी, रविवारी सगळे या वाटांवरून चालून बघणार आहेत," सई म्हणाली. "लोक जिथून जातील तिथूनच मी रस्ता पक्का करणार."

"म्हंजे मानसं म्हागनं गेली, तर रस्ता म्हागनं?"

"हो."

समितीचे अध्यक्ष महादेवप्पा शेजारीच उभे होते. नकाशातल्या सरळ मुख्य रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं कापडदुकान आखलेलं. ते मिशीत हसले. चंद्रव्वाने ते हसू बरोबर टिपलं आणि गुडघे धरत घरी गेली.

रविवारी पहाटे पाचला ती रांगोळीचा डबा घेऊन पटांगणात हजर. सरळ रस्त्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने रांगोळी घातली. नुसती वेलबुट्टी असती तर पोरांनी उडी मारली असती, म्हणून मध्ये शिवलिंग काढलं, वर बेलाचं पान, भोवती गुलाल. आता पाय टाकायची कोणाची छाती आहे?

आठला मंडळी रोज बाजाराला जातात तशी पिशव्या घेऊन निघाली. पुढे महादेवप्पा. रांगोळीशी येताच त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि थबकले. दोन्ही बाजूंना फक्कीची घरं. ती नुसती रेघ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण लोकांच्या स्वयंपाकघरातून कसं जायचं? शेवटी अध्यक्ष मागच्या वाटेला वळले आणि त्यांच्यामागे अख्खी गल्ली वळली. चंद्रव्वा आपल्या चौकोनात टोपली मांडून बसलीच होती. तासाभरात टोपली रिकामी झाली, आणि तिथे एवढी गर्दी की टाकीही दिसेना. सई वहीत टिपत होती.

माणसं पांगल्यावर ती चंद्रव्वासमोर येऊन बसली. "आज्जी, हात दाखवा."

चंद्रव्वाने हात पदराखाली घेतले. "पीठ हाय ते, भाकरीचं."

"गुलाबी पीठ?"

आता पळवाट नव्हती. चंद्रव्वाचा आवाज एकदम खाली आला. "मला भिंतीकडं तोंड करून बसवू नको गं. मानूस दिसलं न्हाय तर मी मरन की."

सईला आपल्या त्या सरळ रेघेची लाज वाटली. "मला आठलाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण माझाही पाय उचलेना. मीसुद्धा वळसा घालूनच आले."

तिने वहीतला सरळ रस्ता खोडला. "रस्ता इथूनच वळेल. भिंत जाईल. रांगोळीच्या जागी चौक राहील. पण रांगोळी रोज लागेल, नाहीतर महादेवप्पांची स्कूटर पहिली घुसेल. रोज पहाटे कोण काढणार?"

"रोज? माजे गुडघे लई दुखत्यात की!"

"आज नाही दुखले?"

चंद्रव्वा खुदकन हसली आणि दोन्ही गुलाबी हात पदरातून बाहेर काढले.

"बरं, सांजच्याला येताना रांगोळी घिऊन ये. माजी सगळी संपली."